काळे कपडे, कार्डावर घोडा आणि लंगडणारा माणूस: ही कुठली जुनी अमेरिकन सिरियल?

रानजाई

मंडळी, एक कोडं आहे, मला सुटत नाहीये आणि घरात रोज विचारणा होतेय.

बाबा (वय ८१, सध्या मुक्काम आमच्याकडे पुण्यात) १९६९ ते ७१ अमेरिकेत होते, कॅन्सासमध्ये. आटपाडीकडचा मुलगा, परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून पास होऊन एम. एस. करायला गेला. तिथं हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एकच टीव्ही आणि त्यावर ही पोरं काउबॉयची एक सिरियल बघायची. आत्ता दोन महिन्यांत बाबांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, लख्ख दिसायला लागलंय, त्यामुळे टीव्हीसमोरून हलत नाहीत. आपल्या सिरियली लावल्या की दोन मिनिटांत "ह्या बाया अंगावर एवढं सोनं घालून झोपतात का गं" सुरू होतं आणि मग "ती माझी काउबॉयची लाव की".

आता ती कुठली हे मला कसं कळावं? त्यांनी सांगितलेल्या खुणा जशाच्या तशा देते. एक मार्शल, ताडमाड उंच. त्याचा एक मदतनीस, एक पाय ताठ, लंगडत यायचा आणि सारखी कॉफी करायचा. एक काळ्या कपड्यातला मिशीवाला, हा मोठ्या हॉटेलात राहायचा आणि त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर बुद्धिबळातला घोडा. एक बाप, त्याच्या तीन बायका मेलेल्या, तीन बायकांचे तीन मुलगे, पण थोरला कधी दिसायचाच नाही. सुरुवातीला एक नकाशा दिसतो आणि तो पेट घेतो. रविवारी रात्री आठला लागायची. आणि नाव म्हणे 'मार्शल डिलन'.

ही सगळी एकच सिरियल आहे ह्यावर ते ठाम आहेत. मी नेटवर शोधलं, 'मार्शल डिलन' नावाची सिरियल सापडत नाही, नुसतं पात्राचं नाव सापडतं. डोकं चालेनासं झालंय. कुणाला काही कळतंय का?

खडूस

कळतंय. बाबांनी तीन सिरियलींची मिसळ केली आहे आणि वरून कट ओतलाय.

उंच मार्शल म्हणजे 'गनस्मोक'. गाव डॉज सिटी, राज्य कॅन्सास, म्हणजे बाबा होते तेच. मार्शलचं नाव मॅट डिलन, काम करणारा जेम्स आर्नेस, सहा फूट सात इंच. १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चालली, ६३५ एपिसोड. लंगडणारा तो चेस्टर, डेनिस वीव्हर.

काळे कपडे आणि घोड्याचं कार्ड म्हणजे 'हॅव गन, विल ट्रॅव्हल', १९५७ ते ६३. त्याचं नाव पॅलाडिन, रिचर्ड बून. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलात ऐटीत राहायचा, उंची कपडे, दारू, नाटकं बिटकं, आणि काम आलं की काळे कपडे चढवून निघाला. ह्याचे बरेच एपिसोड जीन रॉडनबेरीने लिहिलेत, ज्याने पुढे 'स्टार ट्रेक' काढली तोच.

बाप आणि तीन मुलगे ही 'बोनान्झा', १९५९ ते ७३. पाँडेरोसा नावाचं रँच, नेवाडात, टाहो तळ्याच्या बाजूला. थोरला ॲडम, तो करणारा पर्नेल रॉबर्ट्स १९६५ लाच सिरियल सोडून गेला होता, म्हणून बाबांना दिसला नाही. जाता जाता, बाप झालेला लॉर्न ग्रीन आणि हा थोरला मुलगा ह्यांच्या वयात तेरा वर्षांचं अंतर होतं फक्त. 

तीन गोष्टी मात्र जुळत नाहीत. एक, 'बोनान्झा' रविवारी नऊला लागायची, आठला नाही. दोन, चेस्टर १९६४ ला सिरियल सोडून गेला, बाबा पोचले ६९ ला, त्यांना चेस्टर दिसणं शक्य नाही, त्यांना त्याच्या जागी आलेला फेस्टस दिसला असणार. तीन, 'मार्शल डिलन' नावाची सिरियल नव्हती. वयोमानाप्रमाणे होतं असं, त्यांना फार टोकू नका.

टिंबटिंब

"वरून कट ओतलाय" 😂 

माझं सगळं वेस्टर्न ज्ञान 'शोले'वर संपतं त्यामुळे मी बाकावर बसून ऐकतो. चालू द्या.

आबा_डेट्रॉइट

खडूसराव, तीनपैकी तीन चुकलात. मी १९६८ पासून इथे आहे, आता रिटायर होऊनही जमाना झाला, तेव्हा ह्या विषयात थोडी दादागिरी करू द्या.

नऊ वाजता ते आमच्याकडे, पूर्वेकडच्या वेळेला. कॅन्सास सेंट्रल टाइममध्ये. तिथे आठलाच. रानजाई, तुमच्या बाबांचं घड्याळ पन्नास वर्षांनीही बरोबर चालतंय.

आता चेस्टर आणि नाव, ह्या दोन्हींचं उत्तर एकच आहे. 'गनस्मोक' सुरुवातीची सहा वर्षं अर्ध्या तासाची होती, १९६१ पासून तासाची झाली. मग ते जुने अर्ध्या तासाचे एपिसोड वेगळे काढून रिपीट म्हणून दाखवायचे आणि नव्याशी घोटाळा नको म्हणून त्यांना नाव दिलं 'मार्शल डिलन'. त्या अर्ध्या तासात चेस्टर असायचाच. म्हणजे संध्याकाळी रिकाम्या वेळात कुठलं तरी लोकल चॅनल हे जुने ब्लॅक अँड व्हाइट तुकडे लावत असणार, तेच पोरं बघत असणार, आणि सोमवारी नवीन रंगीत 'गनस्मोक' निराळा. पॅलाडिन पण तसाच रिपीटमध्ये बघितला असेल. एकाच टीव्हीवर एकाच खुर्चीत बसून बघितलेलं सगळं डोक्यात एक झालं, त्यात त्यांचं काय चुकलं?

लंगडण्याबद्दल अजून एक. वीव्हर धडधाकट माणूस होता, चेस्टरचा ताठ पाय ही त्याची ॲक्टिंग. खरा पायाने अधू होता मार्शल. आर्नेसला दुसऱ्या महायुद्धात इटलीत अँझिओला १९४४ मध्ये पायाला गोळ्या लागल्या होत्या, घोड्यावर जास्त बसलं की दुखायचं. म्हणजे लंगडा तो रुबाबात चालायचा आणि धडधाकट तो लंगडायचा. 

माझं स्वतःचं म्हणाल तर मी पहिली चार वर्षं डेट्रॉइटला लागून असलेल्या हॅमट्रॅमिकमध्ये एका पोलिश म्हातारीच्या घरात वरची खोली घेऊन राहत होतो. खाली तिच्या हॉलमध्ये रंगीत टीव्ही, कपाटाएवढा, त्यावर तिने विणलेली पांढरी जाळी आणि जाळीवर येशूची तसबीर. रविवारी ती मला खाली बोलवायची. टीव्ही गरम होऊन चित्र यायला अर्धा मिनिट लागायचा, त्यासाठी ही बाई नऊला पाच कमी असतानाच बटण दाबून ठेवायची की नकाशा चुकायला नको. मग तो नकाशा, मधोमध भोक पडून जळायचा आणि त्यातून चौघे घोड्यावर, माझ्या वेळी तिघे चौघे जे असतील ते. त्या नकाशात उत्तर दिशा सरळ वर नाही, तिरपी आहे, हे मला दुसऱ्याच आठवड्यात खटकलं होतं, इंजिनियरचा डोळा. म्हातारीला सांगितलं तर म्हणाली, जळूनच जातोय ना मग.

'बोनान्झा' पहिल्या दिवसापासून रंगीत होती कारण ती दाखवणाऱ्या एनबीसी चॅनलची मालकी आरसीए कंपनीकडे आणि आरसीएला रंगीत टीव्ही खपवायचे होते. आणि स्पॉन्सर शेवरोले, जाहिरातीत पण हेच कार्टराइट बापलेक गाडीची तारीफ करायचे. डेट्रॉइटमध्ये अर्धा गाव त्या गाड्यांवरच जेवायचं त्यामुळे जाहिरात लागली तरी कोणी उठायचं नाही.

त्यात एक चिनी आचारी होता, हॉप सिंग. तुटकं इंग्रजी, सदा चिडलेला, मालक जेवायला उशिरा आले की आरडाओरडा. व्हिक्टर सेन युंग म्हणून नट होता, जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, म्हणजे खरा इंग्रजी फाडफाड बोलणारा अमेरिकन. त्या हॉलमध्ये रविवारी रात्री आशियातले दोघंच, एक पडद्यावर आणि एक मी. हॉप सिंग आला की म्हातारी माझ्याकडे बघून हसायची, प्रेमानेच, आणि मग एकदा तिने विचारलंच, तुला पण छान स्वयंपाक येत असेल ना? मला त्या वेळी चहासुद्धा धड येत नव्हता. पण नाही म्हणवेना. शिकागोहून आलेल्या मित्राकडून बेसनाची पुडी मागवली आणि पुढच्या रविवारी पिठलं केलं, गुठळ्यांसकट. तिने पावाला लावून खाल्लं. तेव्हापासून माझं नाव त्या घरात हॉप सिंग. आता वाटतं चिडायला हवं होतं. तेव्हा मला वाटलं, चला, ह्या घरात आपल्याला एक नाव तरी मिळालं.

१९७२ च्या मे महिन्यात डॅन ब्लॉकर गेला, हॉस करायचा तो. ४३ वर्षांचा, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर. अंगाने पहाड आणि स्वभावाने लोणी असा मधला मुलगा, सगळ्या म्हाताऱ्यांचा लाडका. त्यानंतर सिरियल मंगळवारी हलवली आणि पुढच्या जानेवारीत बंदच झाली. म्हातारीने मंगळवारी टीव्ही लावायची तसदी कधी घेतली नाही.

खडूस

आबा, शब्द मागे. 'मार्शल डिलन'चं माहीत नव्हतं. बाबांची माफी कळवा, रानजाई.

घोडनवरा

धागा छान चाललाय त्यात मिठाचा खडा टाकतो, हलके घ्या.

मुळात काउबॉय म्हणजे गुराखी. आपल्याकडे गुराख्यावर कोणी वीस वर्षं सिरियल काढेल का? टेक्सासातून दोन-तीन हजार गुरं घेऊन डझनभर पोरं निघायची, दिवसाला दहा-पंधरा मैल, दोन-तीन महिने धूळ खात कॅन्सासच्या रेल्वे स्टेशनापर्यंत. पगार महिन्याला तीस-चाळीस डॉलर. रात्री आळीपाळीने पहारा आणि गुरं बुजू नयेत म्हणून त्यांना गाणी म्हणायची. लासो, रोडिओ, कोराल हे सगळे शब्द स्पॅनिश, कारण कामच मुळात मेक्सिकोच्या वाकेरोंकडून, म्हणजे तिकडच्या गुराख्यांकडून शिकलेलं. इतिहासकारांचा अंदाज असा की चारातला एक काउबॉय काळा होता. आता पन्नासच्या दशकातल्या सिरियलींमध्ये बघा, किती काळे दिसतात ते. 

आणि बंदुका! खऱ्या डॉज सिटीत गावात बंदूक घेऊन फिरायला बंदी होती, चक्क पाटी लावलेली होती, तिचा फोटो उपलब्ध आहे. सिरियलमध्ये दर आठवड्याला रस्त्यात मुडदा. 'द रायफलमन' नावाची अजून एक होती, चक कॉनर्स, गोष्ट १८८० च्या सुमाराची आणि हिरोच्या हातात विंचेस्टर कंपनीचं १८९२ चं मॉडेल. हे म्हणजे पेशव्यांच्या सिनेमात मनगटावर घड्याळ.

आदिवासींचं तर बोलायलाच नको. 'लोन रेंजर' ह्या सिरियलीतला हिरोचा आदिवासी साथीदार टोंटो बघा. करणारा जे सिल्व्हरहील्स खरोखरचा मोहॉक जमातीचा, कॅनडातल्या सिक्स नेशन्स वस्तीतला, आणि तोंडात काय तर मोडकंतोडकं इंग्रजी. स्पॅनिशमध्ये टोंटो म्हणजे मूर्ख, त्यामुळे तिकडे डबिंगमध्ये नाव बदलावं लागलं. त्याच माणसाने साठच्या दशकात आदिवासी नटांसाठी वर्कशॉप सुरू केलं, म्हणजे त्याला काय वाटत असेल ते समजा.

म्हणून म्हणतो, ही जी हळवी आठवण काढतोय आपण ती ज्याची काढतोय ते कधी नव्हतंच.

टिंबटिंब

घोडनवरा, तुम्ही लग्नात जेवायला बसून मीठ जास्त आहे म्हणणाऱ्यांपैकी का?

आबा_डेट्रॉइट

नाही नाही, बरोबर बोलतोय तो. मी इतकी वर्षं इथे राहून टोंटोच्या बाजूने विचार करायला फार उशिरा शिकलो. हॉप सिंग म्हणून हाक मारून घेतली तरी.

पण एक सांगतो. 'लोन रेंजर' आमच्या डेट्रॉइटची पैदास, १९३३ मध्ये इथल्या डब्ल्यूएक्सवायझेड रेडिओवर सुरू झाली, टीव्हीवर १९४९ ला आली. क्लेटन मूर म्हणून नट, डोळ्यावर काळा मुखवटा, चांदीच्या गोळ्या, पांढरा घोडा. सिरियल १९५७ ला संपली तरी हा माणूस पुढे वीसेक वर्षं तोच मुखवटा घालून जत्रांना, दुकानांच्या उद्घाटनांना, पोरांच्या हॉस्पिटलात जात राहिला. मग पात्राचे हक्क असलेल्यांना नवीन सिनेमा काढायचा होता, १९७९ ला कोर्टातून हुकूम आणला की ह्याने मुखवटा घालायचा नाही. तर गड्याने मोठा काळा गॉगल घेतला, मुखवट्याच्या आकाराचा, आणि तो घालून फिरला! पाच वर्षांनी, ८४ ला, मुखवटा परत मिळाला. तो सिनेमा दणकून आपटला तो भाग वेगळा. 

आता तू म्हणशील खोट्यासाठी एवढं. असेल खोटं. कीर्तनाला जाणारा माणूस बुवांना पुरावा मागतो का?

घोडनवरा

आबा, गॉगलचा किस्सा माहीत नव्हता, कडक आहे 🙏 ह्या एका प्रतिसादासाठी मीठ मागे घेतो. अर्धं.

अवांतर: चक कॉनर्सचा एक सर्वात मोठा फॅन कोण असेल? ब्रेझनेव्ह! सोव्हिएत रशियाचे सर्वेसर्वा ब्रेझनेव्ह. १९७३ मध्ये निक्सनच्या कॅलिफोर्नियातल्या बंगल्यावर आले तेव्हा भेटले, कॉनर्सने त्यांना दोन कोल्ट पिस्तुलं भेट दिली आणि निघताना विमानतळावर हे गृहस्थ त्याच्या गळ्यात पडले, म्हणजे अक्षरशः उचलूनच घेतलं त्याने. फोटो आहेत. शीतयुद्ध चालू असताना.

खडूस

ह्यात आश्चर्य नाही, त्या काळात सुटकाच नव्हती. १९५८-५९ च्या हंगामात अमेरिकेतल्या पहिल्या दहा कार्यक्रमांत सात वेस्टर्न होत्या. सात! आत्ता आपल्याकडे सासू-सुनांचं आहे त्याच्या वर. मग जे व्हायचं ते झालं, लोकांना कंटाळा आला, एकेक करत गळल्या. 'गनस्मोक' सुद्धा १९६७ ला बंद करायचं ठरलं होतं, ती दाखवणाऱ्या सीबीएस चॅनलचे प्रमुख विल्यम पेली भडकले आणि परत आणायला लावली. तिला जागा करायला 'गिलिगन्स आयलंड' कापली, ती बिचारी मधल्यामध्ये गेली. सोमवारी टाकल्यावर 'गनस्मोक' पुन्हा वर चढली ती आणखी आठ वर्षं.

रानजाई, बाबांना काय दाखवलंत मग? 'बोनान्झा'च्या सुरुवातीच्या तीसेक एपिसोडचे कॉपीराइट संपलेत, ते यूट्यूबवर फुकट आहेत. तिथून सुरू करा, त्यात थोरला मुलगा पण दिसेल.

रानजाई

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, आणि आबा तुम्हाला विशेष. बाबांना तुमचा पहिला प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. सेंट्रल टाइमवर आले तसं म्हणाले, "बघ. मी म्हणत होतो." मग माफीचं सांगितलं तर खडूस ह्या नावाचा माणूस माफी मागतो ह्याचंच त्यांना हसू आलं.

काल रात्री 'बोनान्झा' लावली. ॲडम पहिल्यांदाच बघितला, म्हणाले हा होय थोरला, आम्हाला वाटायचं शिकायला कुठंतरी लांब असेल, माझ्यासारखा. मग त्यांच्या लक्षात आलं की चौघांचे कपडे दर एपिसोडला तेच. मला वाटलं गरिबी दाखवतायत, एवढं हजारो एकरांचं रान आणि एक जोडी कपडे.

खडूस

ती आयडिया होती. कपडे तेच ठेवले की घोडे पळवतानाचे जुने शॉट कुठेही चिकटवता येतात.

रानजाई

हे पण सांगते त्यांना.

आज 'गनस्मोक' लावलं, जुनं, चेस्टरवालं. मी मुद्दाम शेजारी बसले होते, म्हणलं रडतात बिडतात की काय. तर पाच मिनिटांत मला म्हणतात, "थांबव. ते मागचं काय आहे?" मी म्हणलं डोंगर आहे. "कॅन्सासात डोंगर कुठनं आला? मी दोन वर्षं राहिलोय, चपाती लाटल्यासारखी जमीन, कुत्रं पळून गेलं तर तीन दिवस दिसत राहील." खरंय का हे?

आबा_डेट्रॉइट

शंभर टक्के. शूटिंग सगळं कॅलिफोर्नियात, थोडं युटात वगैरे. कॅन्सासच्या लोकांची ही जुनी तक्रार आहे 😄

रानजाई

मग ते बोलायलाच लागले. एवढं सलग मी त्यांना कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं म्हणून आठवतंय तसं लिहिते, लांबलं तर माफ करा.

१९७० च्या उन्हाळ्यात ते बसने डॉज सिटीला गेले होते. फक्त सिरियलमुळे. तिथं जुना रस्ता म्हणून जो दाखवतात तो खरा नाहीच, लाकडी दुकानं, बार, सगळं १९५८ साली नवीन बांधलेलं, म्युझियमचा भाग. सिरियल बघून लोक येतात आणि मार्शलचं ऑफिस कुठंय विचारतात म्हणून. बाबांनी पण विचारलं होतं. तिथल्या माणसाने न हसता बोट दाखवलं, त्याला सवय असणार.

पण बाबा म्हणाले, बसमधनं उतरलो आणि वास आला. गुरांचा. शेण, पेंड, धूळ, ओलं वैरण, सगळा मिळून जो असतो तो. "डोळे मिटून खरसुंडीच्या जत्रेत उभा आहे असं वाटलं." आमच्याकडच्यांना माहीत असेल, खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेला खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. आजोबा बाबांना लहानपणी खांद्यावर घेऊन तिथं बैल बघायला न्यायचे. तर हा माणूस अर्धं जग ओलांडून गेला, काउबॉय बघायला म्हणून बस पकडली, आणि उतरला खरसुंडीत.

घोडनवरा, तुमचा गुराख्याचा मुद्दा त्यांना वाचून दाखवला. चिडले नाहीत, उलट म्हणाले, "त्याला सांग, डॉज सिटीचा खरा व्हिलन अजून त्याला माहीत नाही." मी म्हणलं कोण? तर म्हणाले, गोचीड.

म्हणजे असं की टेक्सासची लांब शिंगांची गुरं यायची त्यांच्या अंगावर गोचीड. त्या गुरांना काही व्हायचं नाही, त्यांना सवय, पण ती ज्या रानातनं गेली तिथली कॅन्सासची गुरं ताप येऊन पटापट मरायची. शेतकरी बंदुका घेऊन टेक्सासवाल्यांना अडवायचे. हे गोचिडामुळं होतंय हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, फक्त ही गुरं आली की आपली मरतात एवढं दिसत होतं. शेवटी १८८५ ला कॅन्सासने कायदाच केला, टेक्सासची गुरं आत नकोत, आणि डॉज सिटीचा धंदा बसला. मागोमाग काटेरी तारेची कुंपणं होतीच, १८७४ चं पेटंट, रानं बंद होत गेली. पुढं १८९३ मध्ये स्मिथ आणि किलबोर्न ह्या दोघांनी सिद्ध केलं की हा ताप गोचीड पसरवते. किडा चावल्याने रोग पसरतो हे असं पक्कं सिद्ध होण्याची ती पहिलीच वेळ, हे सांगताना बाबांचा आवाज चढला होता. "तुमचा तो मार्शल वीस वर्षं गोळ्या झाडत बसला आणि सगळं गाव संपवलं हरभऱ्याएवढ्या किड्यानं. ह्यावर एक एपिसोड माझ्या बघण्यात नाही!"

मी विचारलं, बाबा, हे सगळं आधी कधी सांगितलं नाहीत. तर म्हणाले कुणाला सांगू. मी ७१ ला परत आलो तेव्हा मुंबईत टीव्ही नव्हता. (खरंच, मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं.) आटपाडीत टीव्ही म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली असती, मग काउबॉय, मग मार्शल, मग तो लंगडा. एकदा त्यांनी आईला सांगायचा प्रयत्न केला होता, लग्न नवीन होतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या मार्शलचं लग्न का करत नाहीत?

घोडनवरा

गोचिडाबद्दल बोलती बंद. बाबांना साष्टांग नमस्कार. उरलेलं अर्धं मीठ पण मागे.

आबा_डेट्रॉइट

तुमच्या आईंचा प्रश्न वीस वर्षं सगळी अमेरिका विचारत होती! मार्शलची मैत्रीण मिस किटी बिचारी लाँग ब्रांच सलूनमध्ये (म्हणजे दारूच्या बारमध्ये) एकोणीस वर्षं थांबली. शेवटच्या वर्षी तीच सोडून गेली. 

रानजाई, बाबांना फोनवर बोलायला आवडेल का? आमच्या रात्री नऊ म्हणजे तुमची सकाळ. ह्या विषयावर बोलायला माझ्याकडे पण आता फारसं कोणी उरलेलं नाही. तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकतो.

रानजाई

आबा, विचारलं. "इंग्रजीत बोलावं लागेल का" असं म्हणाले. मी म्हणलं मराठी माणूस आहे हो. मग चालेल म्हणाले. निरोप मिळाला, उद्या सकाळी लावून देते.

आणि खडूस, फेस्टसवाले एपिसोड कुठून सुरू होतात? चेस्टर झाला, आता ते हवेत.

खडूस

१९६४ पासूनचे घ्या, त्यात तो कायमचा आहे. रंगीतच हवे असतील तर १९६६ नंतरचे. गावचा डॉक्टर डॉक आणि फेस्टस ह्यांची भांडणं खास आहेत, वाड्यातल्या दोन बिऱ्हाडकरूंसारखी, एकमेकांशिवाय करमत नाही आणि एकमेकांचं तोंड बघवत नाही.

टिंबटिंब

मी पण काल तीन एपिसोड बघितले तुमच्या नादाने. बायको विचारतेय ऑफिसचं काम संपलं का. फेस्टसच्या खेचराचं नाव कोणाला माहितीय? बाबांना विचारा.

रानजाई

विचारायच्या आधीच सांगितलं: रूथ. आणि नाव बाईचं ठेवलंय पण खेचर नर आहे की मादी हे बघायला स्क्रीन थांबवून जवळ जाऊन बसलेत. चष्मा पण मागवलाय. मी जेवण गरम करायला घेते.